प्रवेश मोफत, उत्तरं सक्तीची

पुण्यात वसंत ऋतू पंचांगात दोन महिने असतो आणि प्रत्यक्षात सकाळी सहा ते साडेनऊ. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, हे शाळेत पाठ केलेलं सगळ्यांना आठवतं. त्याच चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, हे मात्र पाठ करावं लागत नाही. त्यामुळे वसंत बघायला बाहेर पडायचं तर दूधवाल्याच्या वेळेला पडावं लागतं. उशिरा उठणाऱ्याच्या आयुष्यात वसंत येतच नाही. त्याच्या हिवाळ्याला थेट उन्हाळा चिकटलेला असतो.

याच सुमारास घराघरात एक वाक्य ऐकू येतं, "परीक्षा संपली, आता मुलांना कुठंतरी न्यायला हवं." आई ते बाबांकडे बघून म्हणते आणि बाबा पंख्याकडे बघून म्हणतात. मग उतरती भाजणी सुरू होते. पहिल्या दिवशी महाबळेश्वर निघतं. हॉटेलांचे दर बघितल्यावर लोणावळा. तिथल्या रिसॉर्टला माणशी दर असतो आणि पाच वर्षांवरचं प्रत्येक मूल माणसातच धरतात, हे कळल्यावर सिंहगड. रविवारी घाटात गाड्यांची रांग कुठपर्यंत येते, हे शेजाऱ्यांनी सविस्तर सांगितल्यावर पर्वती. चारचौघांत मात्र यातलं काहीच बोलायचं नसतं. "मुलांना आधी आपलं गाव नीट माहीत पाहिजे," असं म्हणायचं असतं. मराठी मध्यमवर्गात बजेट संपतं तिथून संस्कार सुरू होतात.

या संस्कारांत एक मेख आहे, ती निघताना कुणी सांगत नाही. मॉलमधल्या खेळघरात पैसे भरले की मुलाच्या मनगटाला एक कागदी पट्टा बांधतात आणि पुढचा तासभर त्याला यंत्रं खेळवतात. आईबाप बाहेरच्या खुर्चीत बसून मोबाइल बघायला मोकळे. तिथं पैसे मुलाच्या खेळाचे घेत नाहीत, आईबापांच्या सुटकेचे घेतात. टेकडीवर असलं काही नसतं. ना घसरगुंडी, ना उड्या मारायची गादी, ना पट्टा बांधणारी मुलगी. जिथं प्रवेश मोफत असतो तिथं खेळणं तुम्हीच असता. त्यातही बाप, कारण आई डब्याच्या पिशवीपाशी थांबलेली असते. फुकटच्या सहलीचं तिकीट मुलांना लागत नाही, बापाला लागतं. आणि ते दर दोन मिनिटांनी एका प्रश्नाच्या रूपात फाडलं जातं.

पहिली घटक चाचणी पर्वतीवर होते. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत, हे पुण्यात जन्मलेल्या माणसाला आपल्या रक्तगटाच्या आधी माहीत असतं. तरी त्या मोजायच्या असतात. थोरली अगदी शिस्तीत मोजते आणि तिच्या एकशे एकच भरतात. धाकट्याच्या एकशे सतरा होतात, कारण मध्ये चप्पल घसरून खाली गेली तेव्हा उतरलेल्या पायऱ्याही त्यानं मोजलेल्या असतात. यावर भांडण होतं. "चला, खाली जाऊन परत मोजू," असा प्रस्ताव येतो. त्या क्षणी बापाला धाप लागलेली असते आणि पंचाहत्तरीचे एक आजोबा, ज्यांची ही आजची चौथी फेरी आहे, शेजारून चढत जाताना म्हणतात, "सावकाश या, घाई नाही." हे ते मुलांना म्हणत नसतात.

वर पोचल्यावर इतिहास सुरू होतो. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलं, इथवर बाप सुखरूप असतो. पानिपतच्या धक्क्यानं खचलेल्या नानासाहेबांनी 1761 मध्ये इथं पर्वतीवरच प्राण सोडला, हे सांगितलं की तो सापडतो.

"पानिपतात आपण जिंकलो?"

"नाही रे, हरलो."

"मग एवढं का सांगतोस?"

आता बापाला शौर्यावर यावं लागतं. उपाशीपोटी लढले, थंडीत लढले, शेवटपर्यंत हटले नाहीत, हरण्यातही मोठेपणा असतो. बाप स्वतःच्याच आवाजानं भारावत जातो. थोरली शांतपणे ऐकून घेते. तिचा गणिताचा पेपर नुकताच झालेला असतो. निकाल 1 मे रोजी लागणार असतो आणि बचावाचं भाषण तिला तीन आठवडे आधीच तयार मिळालेलं असतं, तेही बापाच्या तोंडून.

पर्वतीवरून सगळं पुणं दिसतं. प्रत्येक मूल इथं एकच प्रश्न विचारतं, "आपलं घर कुठंय?" आणि प्रत्येक बाप कमालीच्या आत्मविश्वासानं हात लांब करून म्हणतो, "ती पाण्याची टाकी दिसतेय ना, तिच्या डावीकडे." समोर शेकडो टाक्या असतात. मूल समाधानानं कुठल्यातरी टाकीकडे बघून हात हलवतं. पर्वतीच्या कठड्यापाशी थोडा वेळ उभं राहिलं तर एकाच पाण्याच्या टाकीच्या डावीकडे कोथरूड, बिबवेवाडी आणि हडपसर अशा तिन्ही ठिकाणची घरं असल्याचं ऐकायला मिळतं.

दुसरी परीक्षा टेकडीवर. पुण्यात घराजवळ एक टेकडी असते आणि ती इतरांच्या टेकडीपेक्षा चांगली असते. शहरातली सर्वांत उंच टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. वसंत तिथं खरोखर दिसतो, पण आधी टेकडीवाल्यांची परवानगी काढावी लागते. टेकडीवाले म्हणजे वर्षाचे बारा महिने पहाटे येणारी मंडळी. हातात काठी, कमरेला स्वेटर बांधलेला (एप्रिलमध्येही), आणि मुलांना घेऊन आलेल्या रविवारच्या कुटुंबाकडे बघायची एक विशिष्ट नजर. त्यांच्या हिशेबी आपण पर्यटक असतो, आपलं घर तिथून दोन चौकांवर असलं तरी.

मार्चच्या सुमाराला या टेकड्यांवर एक झाड फिकट गुलाबी फुलांनी लगडतं. पान जवळपास नाहीच, नुसती फुलं. बाप मुलांना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढतो आणि म्हणतो, "बघा, हे आपल्या मातीतलं सौंदर्य. परदेशात चेरीची फुलं बघायला लोक लाखो रुपये घालवतात." एवढ्यात मागून काठी वाजते.

"गिरिपुष्प," टेकडीवाले काका म्हणतात. "मूळ मध्य अमेरिकेतलं. इथं आणून लावलंय."

"अस्सं," बाप.

"उंदीरमारीही म्हणतात. बिया आणि साल विषारी. उंदीर मारायला वापरतात."

मुलांच्या दृष्टीनं सहल इथून सुरू होते. एवढा वेळ कंटाळलेला धाकटा आता झाडाखालून हलायला तयार नसतो. किती उंदीर मरतात, माणूस मरतो का, शाळेतल्या अमुक मुलानं खाल्लं तर काय होईल, असे एकाहून एक सरस प्रश्न तो काकांना विचारतो आणि काका एकेकाचं उत्तर देतात. बाप बाजूला उभा राहून फोनवर त्या फोटोखाली आधी लिहिलेली ओळ पुसत असतो.

काकांचं समाधान झालेलं नसतं. जवळच कोकीळ ओरडायला लागतो. आई हौसेनं म्हणते, "ऐका, कोकिळा गातेय." काका थांबतात. गातो तो नर, ते सांगतात. काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपक्यांची, आणि तिच्या आवाजाला कुणी गाणं म्हणणार नाही. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, पिल्लं वाढवतात कावळे. म्हणजे बाबा नुसता गाणी म्हणत बसतो, आई अंडी ठेवून निघून जाते आणि मुलांना दुसरेच सांभाळतात. थोरली क्षणभर विचार करून विचारते, "मग कावळ्यांना फी कोण देतं?" पाळणाघराची महिन्याची पावती तिनं फ्रिजवर वाचलेली असते. या प्रश्नाचं उत्तर काकांपाशीही नसतं. बापाला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटतं.

खरं तर एप्रिलमधली टेकडी हे जगातलं सर्वांत स्वस्त खेळण्यांचं दुकान. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात. एक हातात आली की मुलाला खुळखुळा मिळतो आणि घरच्यांना डोकेदुखी. रुईची बोंडं फुटून म्हाताऱ्या उडायला लागतात, त्या पकडायला पोरं उन्हाची पर्वा न करता धावतात. त्या पकडता येतातच असं नाही, म्हणून खेळ संपत नाही. तांबट पक्षी एका लयीत टुक-टुक-टुक करत असतो, त्याला शोधायला पंधरा मिनिटं जातात आणि तो दिसत नाही. मोरांचंही तसंच. टेकडीवर मोर आहेत, आवाज तर कानाशी येतो. पण आपण पोचतो तेव्हा समोरून येणारं कुटुंब सांगतं, "आत्ता इथंच होता! पिसारा फुलवून!" फुलवलेला पिसारा नेहमी पाच मिनिटांपूर्वी असतो आणि नेहमी दुसऱ्या कुटुंबाला दिसलेला असतो. आपण खाली उतरताना वर येणाऱ्या लोकांना तेच सांगतो. इतका शिष्टाचार पाळावा लागतो.

आजोबा बरोबर असले की सहल सारसबाग आणि पेशवे पार्ककडे वळते. हा प्रकार सगळ्यांत स्वस्त, कारण इथं बघायच्या बऱ्याच गोष्टी आता नाहीतच. सुरुवात तळ्यातल्या गणपतीपासून.

"तळं कुठंय?" धाकटा विचारतो.

"हे काय, तू उभा आहेस ते," आजोबा सांगतात. पेशव्यांच्या काळात इथं मोठं तळं होतं, त्यात नावा फिरत. आता देवळाभोवती कमळांपुरतं पाणी आहे आणि बाकीच्या तळ्यावर लोक भेळ खातात. धाकटा हिरवळीवर पाय आपटून बघतो. कोरडंच लागतं. हा गणपती हिवाळ्यात स्वेटर घालतो, हे कळल्यावर "मग आत्ता त्याला कूलर का नाही?" असा रास्त प्रश्न येतो. आजोबा म्हणतात, "देवाला गरम होत नाही." "मग थंडी कशी वाजते?" आजोबा चष्मा पुसायला घेतात. प्रश्न वरच्या पिढीकडे सरकलेला बघून बाप एक चक्कर मारून येतो.

पेशवे पार्कात आजोबांचा खरा जोर असतो. "इथं वाघ होता," ते एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवतात. "आणि या इथं हत्ती. मी तुझ्या बाबाला दाखवलाय." नातवंडं त्या जागेकडे टक लावून बघतात. प्राणी 2005 पर्यंत कात्रजला गेले, पण आजोबांच्या बोटानं ते अजून इथंच बांधून ठेवलेत. गंमत म्हणजे मुलांना हे आवडतं. कात्रजचा खरा वाघ भर दुपारी पाठ करून झोपलेला असतो. आजोबांचा वाघ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला येरझाऱ्या घालतो, डरकाळ्या फोडतो आणि एकदा तर, म्हणे, त्यानं आजोबांच्या टोपीकडे रोखून बघितलं होतं. खाणंपिणं, पिंजरा, पशुवैद्य, कशाचा खर्च नाही. एवढ्या कमी खर्चात चालणारं प्राणिसंग्रहालय कुठल्याच महापालिकेला जमलेलं नाही.

फुलराणी मात्र खरीखुरी. ही छोटी रेल्वे 1956 पासून पोरांना हिंडवते आहे. तिची खासियत अशी, की तीन पिढ्या एकाच डब्यात बसतात आणि तिघांनाही ती आपली वाटते. आजोबांचे गुडघे कानाला लागतात, तरी ते बाहेर थांबायला तयार नसतात. "मी लक्ष ठेवायला आलोय," असं ते बजावतात आणि बोगदा आला की सगळ्यांच्या आधी ओरडतात.

प्रवासाचा खर्च वाचवायचा तर पीएमपीची बस. बसमध्ये धाकट्याच्या वयाचा प्रश्न निघतो. शाळेत नाव घालताना आपण त्याचं वय महिन्यांत मोजलेलं असतं आणि ते पुरेसं मोठं असल्याबद्दल हुज्जत घातलेली असते. कंडक्टरसमोर तेच मूल लहान होतं. आई त्याला मांडीवर घेते. पाय जमिनीला लागत असतात, ते ती पदराखाली ढकलते. "पाचवं लागलंय नुकतंच," असं ती खिडकीकडे बघत पुटपुटते, आणि मांडीवरचा इसम गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो, "मी सात वर्षांचा आहे आणि मला पोहता येतं!" खरं बोलावं हा संस्कार त्याला आपणच दिलेला असतो, रिसॉर्ट परवडलं नाही त्याच आठवड्यात.

साडेनऊला वसंत संपतो. आता सावली हवी. कात्रजला जावं, तर वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात छापून येतं की तिथल्या प्राण्यांवर गारव्यासाठी पाण्याचे फवारे सोडले जातात. ते वाचून मुलं विचारतात, "आपल्यावर कुठं सोडतात?" म्हणून मग बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. इथं तिकीट आहे, पण आत शिरल्यावर उन्हातून सुटका झाल्यानं ते वसूल होतं. दिनकर केळकर (1896-1990) 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. गावोगाव हिंडून त्यांनी 20 हजारांहून जास्त वस्तू गोळा केल्या आणि संग्रहाला आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. दिवे, दौती, दरवाजे, वाद्यं, अंग घासायच्या वज्री, आणि अडकित्ते. अडकित्ते किती असावेत? मोराचे, घोड्याचे, स्त्री-पुरुषांच्या जोडीचे.

"हे काय आहे?"

"अडकित्ता. सुपारी कातरायचा."

"सुपारी म्हणजे मारायला देतात ती?"

मूल सिनेमे बघतं, त्याचा दोष नाही. पान, विडा, चंची, सुपारीचं खांड, असं सगळं एका दमात समजावून सांगितल्यावर थोरलीचा निष्कर्ष, "म्हणजे जेवणानंतर लोक लाकूड खायचे." आजी हे ऐकून नको तितकी हसते आणि आपल्या पिशवीतून खरोखरचा अडकित्ता काढते. संग्रहालयाचा रखवालदार एकदा काचेकडे बघतो, एकदा आजीच्या हाताकडे, आणि काचेची कडी तपासून घेतो.

पुढचं दालन धोक्याचं असतं. मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून इथं तो दिवाणखाना पुन्हा उभा केला आहे. झुंबरं, आरसे, चित्रं. सहल या ठिकाणी सर्वांत सुसंस्कृत दिसते. बाप आवाज खाली आणून सांगतो, "हा मस्तानीचा महाल."

"आइस्क्रीमवाली?"

पुण्यातल्या मुलाला मस्तानी म्हणजे उंच पेल्यातलं घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा आणि त्यावर चेरी. तिचा बाजीरावांशी काही संबंध होता हे त्याला नव्यानंच कळत असतं आणि महत्त्वाचंही वाटत नाही. त्याला फक्त एवढं समजतं की विषय आईबापांनी स्वतःहून काढला आहे. "तुम्हीच म्हणालात मस्तानी!" तिथून दुकानापर्यंत तो हेच म्हणत राहतो. आंब्याचा हंगाम सुरू झालेला असतो, म्हणून आंब्याची मस्तानी, म्हणजे नेहमीपेक्षा महाग. संग्रहालयाचा इतिहास फुकट ऐकता येत नाही, तो असा बाहेर आल्यावर वसूल होतो.

पैशाची खरी गळती मात्र फाटकांपाशी असते. कुठल्याही मोफत बागेच्या फाटकाबाहेर साबणाचे बुडबुडे विकणारा उभा असतो. अर्थशास्त्राची पुस्तकं त्यानं वाचलेली नसतात, पण गिऱ्हाइकाची उंची त्याला नेमकी माहीत असते. तो मोठ्यांच्या डोळ्यांसमोर काही धरत नाही. तो फुंकर घालतो. बुडबुडे साडेतीन फुटांवरून तरंगत जातात, बरोबर तेवढ्याच उंचीवरच्या डोळ्यांसमोरून. आईबापांना कळायच्या आत सौदा झालेला असतो. पुढे फुगेवाला, त्यापुढे पिपाणीवाला, त्यापुढे बर्फाचा गोळा. शेवटी रसवंतीगृह, ज्याच्या चरकाला बांधलेले घुंगरू रस्त्याच्या त्या टोकापासून ऐकू येतात. तहान लागलेली नसली तरी त्या आवाजानं लागते. "प्रवेश मोफत" पाटी महापालिकेची असेल, पण तिचं खरं उत्पन्न हीच मंडळी घेतात आणि आपण ते आनंदानं देतो, कारण आत जाताना आपण खूप वाचवलं असं आपल्याला वाटत असतं.

या सगळ्याला उतारा म्हणून घरून डबा नेलेला असतो. आजी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीच्या फोडी, तिखट-मीठ, पन्ह्याची बाटली आणि "असू दे" या सदराखाली दीड किलो इतर वस्तू बांधते. डब्याचा नियम असा, की तो जेवायच्या वेळेपर्यंत टिकत नाही. पर्वतीच्या पायथ्याशीच धाकट्याला भूक लागते. पायऱ्या चढायच्या आधी अर्ध्या दशम्या संपतात आणि उरलेल्या मुंग्यांच्या वाट्याला जातात, म्हणून दुपारी बाहेर जेवायला लागतं. डबा असूनही हॉटेलात गेल्याबद्दल आजी रागावते. रागावून ती हॉटेलात काही खात नाही. फक्त सगळ्यांच्या ताटातलं थोडं थोडं चाखून घरचं कसं चांगलं होतं हे सांगते. त्या रात्री घरी कुणी स्वयंपाक करत नाही. तो खर्च सहलीच्या हिशेबात धरत नाहीत, नाहीतर महाबळेश्वर तेवढ्यातच झालं असतं, हे उघड होईल.

मुलांना विचाराल तर वसंतातली सर्वोत्तम सहल मात्र यांपैकी कुठलीच नाही. ती असते चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर गौर झोपाळ्यावर बसते आणि एकेका संध्याकाळी एकेका घरी बोलावणं येतं. अंतर, दोन जिने. प्रवास, लिफ्ट. तिकीट नाही, रांग नाही, पाणी घरचंच. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, शिवाय आरास. कलिंगडाचं कमळ, खेळण्यातले हत्ती-घोडे, आरशाचं तळं, रांगोळीचे रस्ते. तिथं मूल काहीच विचारत नाही, कारण तोंड भरलेलं असतं. आणि हे असं एकमेव ठिकाण आहे जिथं बापाला जावं लागत नाही. फार तर त्यानं दाराबाहेर चपलांपाशी उभं राहायचं. मग कुणीतरी दया येऊन त्याला वाटीभर डाळ आणून देतं. टेकडीवर, पर्वतीवर आणि संग्रहालयात घामाघूम झालेल्या बापाला त्या वाटीत वसंत पहिल्यांदा भेटतो.

असं असूनही पुढच्या रविवारी मुलं मॉल मागत नाहीत, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. उत्तर अगदी साधं निघालं. मॉलमधलं यंत्र कधी अडखळत नाही. ते ठरल्याप्रमाणे हलतं, ठरल्या वेळी थांबतं, त्यात मजा ती किती? आईबापांना मात्र एक प्रश्न टाकला की ते गडबडतात, एकमेकांकडे बघतात, आजोबांकडे बोट दाखवतात, खोटं बोलतात आणि पकडले जातात. शिवाय दर खेपेला वेगळ्या ठिकाणी अडकतात. एवढं बहुगुणी खेळणं आहे, ते रिचार्ज न करता दिवसभर चालतं आणि थकलं तरी "चला, घरी चला" यापलीकडे तक्रार करत नाही. कुठल्याही मुलानं तेच निवडलं असतं. स्वस्त सहल परवडायला हवी ती मुलांना नव्हे, आपल्याला. आणि ती पैशांत परवडते, अब्रूत परवडत नाही.

आमच्याकडे आता कारभार थोरलीनं हाती घेतला आहे. येत्या रविवारी पाताळेश्वरला जायचं, असं तिनं परस्पर ठरवलं. जंगली महाराज रस्त्यावरची ही लेणी आठव्या शतकातली, अखंड खडकात खोदलेली, आणि पुढ्यात नंदीचा गोल मंडप. ठिकाण सावलीचं, घरापासून बसनं थेट जाता येण्यासारखं. पण यंदा तिनं पद्धत बदलली आहे. प्रश्न आधीच कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवलेत, म्हणजे ऐन वेळी कुणाची पंचाईत नको. मंडप गोलच का? दगड खोदायला सुरुवात वरून केली की खालून? चुकून खांब तुटला तर काय करत असतील? खोदून काढलेला दगड कुठं टाकला? शनिवारी रात्रीपर्यंत तयारी करायची आहे. कागदाच्या तळाशी पेन्सिलीनं सूचना आहे: सर्व प्रश्न अनिवार्य, टेकडीवाल्या काकांना फोन करू नये.